सुभेदार साहेबांची तब्येत

अहेरीत वर्दीचं कुणाला अप्रूप नाही. पोलीस आहेत, सी-60 चे जवान आहेत, सीआरपीएफ आहे, जंगल खात्याचे गार्ड आहेत. बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहिलं तर भाजीपेक्षा खाकी जास्त दिसते. त्यामुळे इथे कुणी ‘मी फौजी’ म्हटलं की समोरचा सहज विचारतो, “कोणत्या कॅम्पचे जी?”

आमच्या सुभेदार साहेबांना हा प्रश्न विचारू नये. विचारला, तर उत्तर 1 ऑक्टोबर 1941 पासून सुरू होतं. त्या दिवशी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे 1946 मध्ये ती मशीनगनवाल्यांची झाली, म्हणून बिल्ल्यावर दोन आडव्यातिडव्या मशीनगन आणि मधोमध खंजीर. सेंटर मध्य प्रदेशात, सागरला. साहेब त्या सागरला 1984 साली शिपाई म्हणून शिरले आणि अठ्ठावीस वर्षांनी सुभेदार होऊन बाहेर पडले. मधली अठ्ठावीस वर्षं ते क्रमाने सांगतात. विचारणारा बिचारा सियाचीनपर्यंत तग धरतो, मग त्याची बस येते.

अंगकाठी सडसडीत, मिशी नियमाच्या मापात, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. काच उन्हात चमकली तर शत्रूला ठावठिकाणा कळतो म्हणून. आलापल्लीच्या रस्त्यावर सकाळी साडेपाचला शत्रू कोण, असं एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, विचारलं होतं. “शत्रू सांगून येत नाही,” हे त्यावरचं उत्तर. चपला त्यांच्याकडे आहेत, पण त्यांनाही पॉलिश असतं.

माझं मेडिकल आणि डॉक्टर मॅडमचा दवाखाना यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि भिंतीत एक खिडकी. चिठ्ठ्या खिडकीतून येतात. सुभेदार साहेबांचा आवाज मात्र भिंतीतूनच येतो. मशीनगनशेजारी तारुण्य गेल्यामुळे उजवा कान कामातून गेला आहे आणि स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू यावं म्हणून ते ज्या पट्टीत बोलतात, त्या पट्टीत ते समोरच्या पानठेल्यालाही ऐकू जातं. त्यामुळे त्यांच्या तब्येतीची माहिती मला, पानठेलेवाल्याला आणि बसची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना असते. ती फक्त डॉक्टरला नसायची. ही गोष्ट त्याबद्दलच आहे.

मॅडम नव्या होत्या, पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या, हुशार आणि मायाळू. साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मायेनेच विचारलं, “बोला आजोबा, काय होतंय?”

आजोबा बोलले नाहीत. एक तर प्रश्न उजव्या कानाच्या बाजूने आला होता. दुसरं म्हणजे, फौजेत सुभेदाराला खुद्द कर्नलसुद्धा ‘साहब’ म्हणून हाक मारतो. अठ्ठावीस वर्षं घाम गाळून मिळवलेला तो ‘साहब’ एका क्षणात ‘आजोबा’ झाला होता. मॅडमनी पट्टा बांधून प्रेशर मोजलं, तर वरचा आकडा एकशे ऐंशी! त्या घाबरल्या. मी खिडकीतून हळूच म्हटलं, “मॅडम, सुभेदार साहेब म्हणा.” त्यांनी म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, तर एकशे बेचाळीस. मेडिकल चालवून माझं आयुष्य गेलं, पण इतक्या झपाट्याने उतरवणारी गोळी मी विकलेली नाही.

“काय त्रास आहे, सुभेदार साहेब?”

“कुछ नहीं मॅडम. सब ठीक है.”

“मग आलात कशासाठी?”

“ऑर्डर है.”

“कुणाची?”

साहेबांनी मानेनेच दाराकडे इशारा केला. दारात काकू उभ्या होत्या. “मॅडम, यायले काही इचारू नका,” काकू म्हणाल्या. “रातभर पलंगावर बसून रायतेत अन् सकाळी म्हनतेत, झोप मस्त झाली.”

आता साहेब खोटं बोलतात का? मुळीच नाही. बाजारात सव्वा रुपया जास्त आला तरी परत करायला जाणारा माणूस तो. पण डॉक्टरसमोर ‘सब ठीक’ म्हणणं ही त्यांच्या नोकरीची शिस्त होती. फौजेत तब्येत पाच खान्यांत मोजतात आणि त्या पाचांना मिळून ‘शेप’ म्हणतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण ताकद आणि ई म्हणजे डोळे. पाचही खान्यांत एकचा आकडा असला की माणूस ‘शेप वन’, कुठेही पाठवायला मोकळा. एखाद्या खान्यातला आकडा वाढला की ‘कॅटेगरी पडली’. मग बढती अडते, चांगली नेमणूक हुकते आणि पलटणीत लोक हळहळून बघतात. ते हळहळणं सगळ्यात वाईट. एसचा खाना बिघडला तर जवानाच्या हाती हत्यारच देत नाहीत, आणि हत्यार काढून घेतलेला जवान म्हणजे काय, हे सिव्हिलियनला समजावणं कठीण.

त्यात सकाळच्या सिक रिपोर्टची वेगळीच कथा. एमआय रूमसमोर, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यासमोर, फार वेळा उभा राहिला तो कामचोर, ही पलटणीतली धारणा. म्हणजे ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं डॉक्टरच्या खोलीत शिरताना पाय ओढत असला तरी सरळ टाकला, त्याला निवृत्तीनंतर मॅडम विचारणार, ‘कुठे दुखतं?’ आणि तो सांगणार! मॅडमच्या पुस्तकात रोग्याची तक्रार हे निदानाचं पहिलं पान. इथे रोग्याच्या लेखी तक्रार करणं हाच गुन्हा.

पहिले काही महिने त्यामुळे मजेचे गेले. मॅडम विचारत, “दुखणं एक ते दहामध्ये किती?” साहेब म्हणत, “एक.” गुडघा नारळाएवढा सुजलेला, आणि दुखणं एक. शेवटी मॅडमनी विचारलं, “मग दहा म्हणजे काय हो तुमच्याकडे?” साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दहावाले बोलत नाहीत, मॅडम.” त्यानंतर तो प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही.

मॅडम मायाळू होत्या तशा चिवटही होत्या. त्यांनी साहेबांचा अभ्यासच सुरू केला. त्यांच्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे दाढी. ताप एकशे दोन असो की जुलाबाने डोळे खोल गेलेले असोत, साहेब दवाखान्यात येणार ते घोटीव दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात, ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. बाकीच्या पेशंटकडे बघून अंदाज येतो, यांच्याकडे बघून फक्त लाज वाटते. मॅडमनी मला बजावून ठेवलं: “सुभेदार साहेब दाढी न करता दिसले, तर मला विचारत बसू नका. सरळ 108 ला फोन लावा.”

दुसरा शोध मोठा. साहेबांना तक्रार सांगता येत नाही, पण रिपोर्ट देता येतो, आणि रिपोर्ट ते इतका चोख देतात की त्यात अक्षराची खोट नसते. एका सकाळी मॅडमनी दुखण्याचा विषयच काढला नाही. वही उघडून नुसतं विचारलं, “सुभेदार साहेब, रोजच्या चालण्याचा रिपोर्ट.”

साहेब स्टुलावर बसल्या जागी ताठ झाले. “दिवाळीपर्यंत अहेरी ते आलापल्ली, न थांबता. संक्रांतीला नागेपल्लीत एक हॉल्ट, पाच मिनिटांचा. होळीपासून नागेपल्लीच्या अलीकडूनच वापसी. काल पेट्रोल पंपापाशी हॉल्ट, सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी.”

“हॉल्टचं कारण?”

“छाती टाईट, डाव्या बाजूला. दोन मिनिटं. हात थोडा जड. नंतर नॉर्मल.”

“आणि हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“आपने पूछा नहीं, मॅडम. आपने पूछा, तकलीफ क्या है. तकलीफ कुछ नहीं है.”

मॅडमनी तिथल्या तिथे ईसीजी काढला. पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. साहेबांनी एकच प्रश्न केला: “एसआयएल की डीआयएल?” मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. साहेबांचा शब्दकोश एव्हाना माझ्याकडे असे. लष्करी इस्पितळात आजार गंभीर असला तर नाव एका यादीत जातं, जिवावरचा असला तर दुसऱ्या, आणि घरी कळवतात तेही त्याच भाषेत. ‘आपण प्रयत्न करू’, ‘देवावर भरवसा ठेवा’ असली वाक्यं त्या याद्यांत नसतात. मॅडम क्षणभर थांबून म्हणाल्या, “दोन्ही नाही. पण ड्यूटीसाठी अनफिट. आजच्या आज नागपूर.”

“राइट, मॅडम,” म्हणून साहेब उठले आणि घरी जाऊन त्यांनी पेटी भरली. कुणाला समजूत घालावी लागली नाही. समजूत फक्त एका गोष्टीची घालावी लागली: त्यांना एसटीने जायचं होतं, आणि तेही उभ्याने, कारण खिडकीजवळची जागा एका बाळंतिणीला द्यावी लागेल असा त्यांचा अंदाज होता. गडचिरोलीच शंभराच्या वर किलोमीटर, त्यापुढे नागपूर आणखी दीडशेच्या वर, आणि रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रांग. शेवटी काकूंनी ऑर्डर काढली आणि साहेब ॲम्ब्युलन्समध्ये आडवे झाले. आडवे म्हणजे तेही सावधानमध्ये. टाचा जोडलेल्या, हात मांडीला चिकटलेले. लष्करी इस्पितळात मोठे साहेब राउंडला आले की अंथरुणातल्या जवानाने असं पडायचं, अशी जुनी रीत.

नागपूरला हृदयात दोन नळ्या बसल्या. माजी सैनिकांसाठी 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस नावाची आरोग्य योजना आहे. तिचं कार्ड साहेबांच्या छातीच्या खिशात कायम असतं. त्या खिशाखालीच गोंधळ चालला होता, इतकाच योगायोग.

परतल्यावर मॅडमना तिसरा शोध लागला: साहेबांना सल्ला देऊ नये, ऑर्डर द्यावी. मॅडम म्हणाल्या होत्या, “जमेल तसं थोडं थोडं चाला.” साहेबांना जमलं, म्हणून ते थेट आलापल्लीच्या लाकूड डेपोपर्यंत जाऊन आले. “गोळी जेवल्यावर घ्या” यावर त्यांचा प्रश्न, “जेवण झाल्यावर किती मिनिटांनी?” “वाटलं तर एक जास्त घ्या” हे वाक्य ऐकून तर त्यांच्या चेहऱ्यावर दया उमटली. हत्यार वाटलं तर चालवायचं नसतं. तेव्हा मॅडमनी लेटरहेडवर लेखी हुकूम काढला: सात दिवस पाणी भरणे माफ, सायकल माफ, जिना माफ, शेजाऱ्याच्या भांडणात मध्यस्थी माफ. सकाळी साडेसात आणि रात्री साडेआठ गोळ्या. खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणे अनिवार्य. साहेबांनी तो कागद दारावर चिकटवला आणि त्यातलं अक्षर न् अक्षर पाळलं. सात दिवस खुर्चीत बसून त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन केलं. आठव्या दिवशी काकूच मॅडमकडे आल्या, “यायची रजा रद्द करा जी.”

राहिला दारूचा प्रश्न. तो मॅडमनी नेमाप्रमाणे पहिल्याच भेटीत विचारला होता. “दारू?” “कभी नहीं.” मॅडमनी ‘नाही’ लिहिलं. मागे काकू खोकल्या. पुढच्या भेटीत मॅडमनी प्रश्न बदलला: “रम?”

“रम तो राशन है, मॅडम.”

दारू सिव्हिलियन पितात, गटारात पडतात. रम सरकार देतं, बर्फात देतं, मापाने देतं. तिला दारू म्हणणं हा साहेबांना रेजिमेंटचा अपमान वाटतो. पण शिस्तीचा माणूस असल्यामुळे गडचिरोली जिल्ह्यात ते थेंबाला शिवत नाहीत. 1993 पासून इथे दारूबंदी आहे, आणि जिल्हा ड्राय म्हणजे साहेबही ड्राय. रम सुरू होते ती महिन्याला कॅन्टीनसाठी नागपूरला निघाल्यावर, वैनगंगेचा पूल ओलांडला की. 2015 साली चंद्रपूर जिल्ह्यातही दारूबंदी आली, तेव्हा साहेबांची आघाडी एकदम नागपूर जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत मागे हटली. 2021 मध्ये तिकडची बंदी उठली आणि आघाडी पुन्हा वैनगंगेवर आली. या सगळ्या हालचाली तारखांसकट त्यांना पाठ आहेत. नळ्या बसल्यावर मॅडम म्हणाल्या, “आता वैनगंगेपलीकडेही बंद.” साहेब म्हणाले, “लेखी द्या.” मॅडमनी दिलं. तो कागद दारावर नाही, पेटीत आहे.

मॅडमनी साहेबांना सुधारलं, असं मात्र समजू नका. हिशेब बरोबरीचा आहे. आमच्या जिल्ह्यात मलेरिया पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा राहतो. औषध लावलेल्या मच्छरदाण्या सरकार वाटतं आणि लोक त्या मोहफुलं झाकायला नाहीतर मासे धरायला नेतात. साहेबांच्या लेखी मलेरिया हा रोगच नाही, हलगर्जीपणाचा पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात चौदाव्या सेनेचे जनरल स्लिम जवानांनी मेपाक्रिनची गोळी घेतली की नाही हे अचानक तपासायला लावत. पंचाण्णव टक्क्यांहून कमी निघाले तर थेट कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी, आणि अशा तिघांना त्यांनी घरी बसवलं. ही गोष्ट साहेब दवाखान्याच्या बाकावर बसून माडिया, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषांच्या पेशंटना हिंदीतून सांगतात. शेवट सगळ्यांना कळतो, कारण शेवटी ते उठून समोरच्याच्या बाह्या खाली ओढतात. पावसाळ्यात संध्याकाळी सहाला त्यांच्या गल्लीत मच्छरदाणी परेड असते. दांडी मारणाऱ्याच्या दारात साहेब न बोलता उभे राहतात. आमच्या आशाताई म्हणतात, दहा पोस्टरांचं काम ते उभं राहणं करतं.

इतकं सगळं सांगणारे साहेब एका ठिकाणी मात्र गप्प असतात. 1987 साली ते श्रीलंकेत होते. शांतिसेनेतले अकराशेहून जास्त जवान तिथून परतले नाहीत. साहेबांच्या रेजिमेंटच्या 8 व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तिथेच पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. हे साहेब अभिमानाने सांगतात. स्वतःचं काही सांगत नाहीत. फक्त रस्त्यावर ताजा मुरूम टाकलेला दिसला की सायकल डांबराच्या दुसऱ्या कडेने नेतात, आणि अहेरीच्या रस्त्यांवर ताजा मुरूम कुठे ना कुठे असतोच, म्हणून त्यांची सायकल कायम नागमोडी. पोरं हसतात. मॅडम आधी चक्कर येते का म्हणून कान तपासत होत्या. नंतर तिकडच्या रस्त्यांत पुरलेल्या सुरुंगांचं कळलं तेव्हा त्यांनी फाइलवर काही लिहिलं नाही, पण त्या भेटीला चांगला अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासात भिंतीतून काहीही ऐकू आलं नाही. साहेब हळू बोलू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

मॅडम सांगतात की अमेरिकेत हल्ली डॉक्टरांना शिकवतात, पेशंटला आधी विचारा, ‘तुम्ही कधी सैन्यात होता का?’ इंग्लंडात माजी सैनिकांची रीतभात जाणणाऱ्या दवाखान्यांना तशी मान्यताही मिळते. आपल्याकडे जवान चाळिशीच्या आतबाहेर पेन्शन घेऊन गावी येतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं गावातल्याच डॉक्टरसमोर ‘सब ठीक’ म्हणत राहतो. मॅडमच्या केसपेपरवर आता नाव, वय, गाव यानंतर चौथा रकाना आहे: ‘वर्दी?’

त्या रकान्यामुळेच परवा एक पेशंट सापडला. सी-60 मधून नुकताच निवृत्त झालेला, इकडचाच माणूस. सी-60 हे 1990 साली उभं राहिलेलं आमच्या जिल्ह्याचं पोलीस पथक, इथल्याच पोरांचं. जांभुळखेड्याला 2019 च्या महाराष्ट्रदिनी भूसुरुंगात 15 पोलीस गेले, त्यातले काही याच्या ओळखीचे. हा आला तो दाढी घोटून, शर्ट खोचून, पंधरा मिनिटं आधी. बायकोने ढकलत आणलेला.

“झोप कशी आहे?” मॅडमनी विचारलं.

“मस्त, मॅडम. काही त्रास नाही.”

बाकावरून सुभेदार साहेब उठले. पोलिसांना ते एरवी फौजी मानत नाहीत, पण समोर उभं राहून त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “खाट दाराकडे तोंड करून, की भिंतीकडे?”

तो माणूस चपापला. “...दाराकडे.”

“रात्री कितीदा उठून कडी बघतोस?”

उत्तर आलं नाही. त्याच्या बायकोने पदर तोंडाशी नेला.

“मॅडम, लिहा,” साहेब म्हणाले. “आणि हा ‘थोडं’ म्हणाला की चारने गुणा. याला नुसता आराम सांगू नका, पळून जाईल. गोळी-औषध काय ते तुम्ही बघा. बाकी याची ड्यूटी मी लावतो. रोज संध्याकाळी सहा वाजता माझ्या ओट्यावर रिपोर्ट. मच्छरदाणी परेड, त्यानंतर चहा. लेखी द्या.”

मॅडमनी लेटरहेड ओढलं आणि खरंच लिहायला घेतलं. काकू दारातून म्हणाल्या, “अन् चहाची ड्यूटी कोनाची, ते बी त्यातच लिहून टाका जी!”